हुकावरचा एप्रन

२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

इकडे सगळे ठीक. दाजींच्या बदलीबरोबर तू गेलीस आणि कवळ्यांचा हा कारखाना माझ्या गळ्यात पडला. दिवसभर दुसऱ्यांचे दात पाहून हल्ली मला स्वतःचेच परके वाटतात. हसू नकोस.

एक वाईट बातमी आहे. आपली चिमणी, दातांना रंग देणारी, बाळंतपणाच्या रजेवर होती. तिचं बाळ जन्मतःच गेलं. सोमवारी पाहतो तर ती खिडकीजवळच्या तिच्या खुर्चीत हजर! म्हणाली, बाळच नाही तर रजा कसली. कामात मन रमेल असं वाटून मीही बसू दिलं.

पण ताई, ती काम करताना गुणगुणते. ओठ मिटलेले आणि सूर चालूच. बाकीच्या बायका घाबरून रेडिओ मोठा करतात. मला तो सूर कुठेतरी ऐकल्यासारखा वाटतो. काय करू?

दाजींना नमस्कार. मठ्ठ असलो तरी लोभ कमी करू नकोस.

धाकटा

८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मठ्ठ आहेसच. चुलीवरचं तसंच टाकून लिहायला बसले आहे. रजा बाळाची नसते रे, बाळंतिणीची असते. ओली बाळंतीण आहे ती! पहिले काही आठवडे ती हातापाया पडली तरी तिला कामावर घ्यायचं नाही, बाळ वाचो न वाचो, असं कायदा मालकाला बजावतो. तिने मागायचं आणि तू मोठ्या मनाने द्यायचं, असा हा मामला नाही. रजा तिची, पगार चालू, जागाही तिचीच, हे तू आपणहून तिला सांगायचं होतंस.

आणि रजेवरच्या बाईचा एप्रन आपल्याकडे तिच्या हुकावर तसाच राहतो, त्याला कुणी हात लावत नाही. चिमणीचा आहे ना जागेवर?

आशीर्वाद आहेत, पण रागावलेले.

ताई

१४ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

एप्रन नव्हता. नवा शिवून घ्यायचा आळस केला आणि धुऊन तोच बदलीच्या बाईला दिला. ते चिमणीला दवाखान्यात कळलं. बाळ गेलं, आता जागाही गेली असं धरून ती धावत आली होती. मी एप्रन परत टांगला, तू लिहिलंस ते सगळं सांगितलं. तिने मान हलवली आणि ब्रश पुन्हा उचलला. घरी फार शांत असतं म्हणाली. ओढून तर नेता येत नाही.

आणि तो सूर आठवला. मी शाळेतून यायचो तेव्हा त्याच खिडकीतून यायचा. चिमणी तर तेव्हा इथे नव्हतीच. ताई, मला भीती वाटते. लवकर लिही.

धाकटा

१९ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

घाबरू नकोस. तो सूर माझा आहे.

तुला तेव्हा ताई आजारी आहे एवढंच सांगितलं होतं. माझं पहिलं बाळ असंच गेलं आणि बाबांनी मला त्याच खुर्चीत बसवलं, कामात मन रमेल म्हणून. माझ्यावर त्यांचा फार जीव होता, पण मन काही रमलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी चिमणी माझ्या शेजारी बसून रंग शिकली. तेव्हाही मी गुणगुणत होते, हे आज तुझ्या पत्रातून कळतंय. सगळ्यांनी रेडिओच मोठा केला असणार.

मुलगा होता की मुलगी, हे मला कुणी कधी विचारलं नाही. तू तिला विचार. मग गप्प बसून ऐक.

माया आहेच, ती काय सांगायची.

ताई

२५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
शि. सा. न.

विचारलं. मुलगी होती. चिमणीने ब्रश खाली ठेवला. खूप जावळ होतं म्हणाली, ओलं, कपाळाला चिकटलेलं. कितीतरी वेळ ती त्या जावळाबद्दलच बोलत राहिली. मग रडली, आणि रजा संपेपर्यंत जागा राहील ना, असं विचारलं. मी हुकाकडे बोट दाखवलं आणि तिला घरी पोचवलं.

खुर्ची आता रिकामी आहे. तरी दुपारी तिकडून सूर येतो, सगळ्यांनाच ऐकू येतो. रेडिओ मात्र आता कुणी लावत नाही.

ताई, इतकी वर्षं विचारायचं राहूनच गेलं. तुझा मुलगा होता की मुलगी?

तुझा
धाकटा