लेआ पेणकर नावाची बाई

अश्केलोन, मंगळवार, १८ नोव्हेंबर २००३

"आपल्या बेने इस्रायलींतलं, कोकणातलं आडनाव दिसलं की गाव विचारल्याशिवाय राहवत नाही बघ," आई म्हणायची. हे मला तेव्हाच का आठवलं नाही?

कारखान्याच्या कॉम्प्युटरवर चोर पकडायला मी एका खोट्या बाईचं खातं उघडलं होतं. लेआ पेणकर. तिचा पासवर्ड मुद्दाम सगळ्यांना दिसेल अशा फाइलीत ठेवला. अशी बाईच नाही, तेव्हा जो तो पासवर्ड वापरेल तो चोर, इतकं सोपं. नाव आईच्या माहेरचं घेतलं. इथे कोणाला काय कळतंय, म्हणून.

आज सकाळी ते खातं कोणीतरी उघडल्याचा इशारा आला. सापडले कोण, तर स्टोअरमधले, आपल्यातलेच रूबेनमामा. पेन्शनला दोन वर्षं राहिलीत त्यांची.

"अगं, पेणकर दिसली," ते म्हणाले. "म्हटलं, पेणची कोण आली नवीन? पासवर्ड तिथेच लिहिलेला, उघडून बघितलं. पत्ता नाही, फोन नाही. राहते कुठे ती?"

"मामा, अशी कोणी बाई नाहीच."

"मग आपलं नाव कशाला दिलंस?"

दुसरं कुठलंही नाव चाललं असतं. मॅनेजर अवी मात्र खूश. "सापळा चालला, कोल हाकावोद!" म्हणाला. शाबासकी मला, आणि मामांना गुरुवारी कामावरून काढून घरी पाठवायचं. मी फार थकले आज.

अवी नियमावर बोट ठेवणार, माहीत आहे. तरी उद्या विचारणारच: अवी, मामांना राहू दे, चूक माझ्या नावावर लिही.