तेलात पाणी आलं कुठून

किंचाओ, जूनची बारा तारीख

आदरणीय ओस्वाल्दोदादा, आबेलार्दोचा सविनय नमस्कार.

कंबर कशी आहे? तुमच्या त्या पुंता अरेनासच्या वाऱ्याने धरली असेल तर मेंढीची चरबी चोळा. इकडे सगळे सुखरूप. (तुमची बहीण एदेलमिरा चार दिवस माझ्याशी बोलत नाही आणि रोज सकाळी लाँच घेऊन कुठे जाते ते विचारायची माझी हिंमत नाही, पण प्रकृती ठणठणीत आहे.)

मागच्या पत्रात मी रागाच्या भरात लिहिलं होतं की तुम्ही फुटकं इंजिन बहिणीच्या नवऱ्याच्या गळ्यात मारलंत. हे वाक्य बहुधा दोनदा लिहिलं होतं. दोन्ही मागे घेतो. का, ते सांगतो.

झालं असं, की तेल घालायचं झाकण उघडलं तर आत पिवळट साय जमलेली. तेलात पाणी! आणि एकोणतीस तारखेला कोळ्यांच्या संताची, सान पेद्रोची, समुद्रातून मिरवणूक. यंदा मूर्ती आपल्या लाँचमधून न्यायची असं पाद्रीबाबांनी कबूल केलंय. या मानासाठी मी अकरा वर्षं वाट पाहिली. भर समुद्रात बंद पडणाऱ्या लाँचमध्ये संताला कोण बसवेल? मान जाणार शेजारच्या लाँचवाल्या सेवेरिनोकडे, आणि मग तो मला रस्त्यात ओळखही देणार नाही.

आपल्या गावात इंजिन बिघडलं की कुणाला बोलवावं लागत नाही. आठ जण आले, नऊ मतं घेऊन. इंजिनाचं हेड तडकलंय, समुद्राचं पाणी शिरलंय, शेजारणीची नजर लागलीय. इंजिनापाशी मात्र कुणी गेलं नाही, कारण बाहेर पाऊस होता आणि आत एदेलमिरा बटाट्याचे मिल्काओ तळत होती. शेवटी मेकॅनिक रोसामेलकाका बाटलीत तेल घेऊन आले. तापलेल्या चुलीच्या पत्र्यावर थेंब टाकायचा, तडतडला तर पाणी. तडतडला! खात्री म्हणून सेवेरिनोने सीलबंद डब्यातलं नवं तेल टाकलं, तेही तडतडलं. मग तळणीची चरबी टाकली, तीही. यंदा देशभरचं तेल भेसळीचं आहे, असं आठही जणांनी एकमताने ठरवलं. (आपल्याकडे एकमत एवढ्यावरच होतं.)

एदेलमिराने चुलीवरची, येर्बाच्या चहासाठी ठेवलेली पाण्याची किटली उचलली. ती सकाळपासून पत्र्यावर उतू जात होती. तिने पत्रा फडक्याने कोरडा केला आणि म्हणाली, "आता टाका, शहाण्यांनो."

नवं तेल गप्प. आपलं मात्र जरासं तडतडलं.

काका म्हणाले, "हेडबिड काही तडकलेलं नाही. इंजिन गार ठेवायचं पाणी बोटभरही उतरलेलं नाही, तेल खारट नाही, साय फक्त झाकणाखाली आहे. इंजिन तापतच नाही, बाबा! दहा मिनिटं चालवून बंद केलं की आत दव धरतं. दोन तास लांब पिटाळलं की आपोआप उडून जाईल." मग अगदी मायेने त्यांनी विचारलं, "रोज नेतोस कुठे रे ही लाँच?"

आठही जण छताकडे बघायला लागले. दादा, दोन वर्षं मी एदेलमिराला सांगत आलोय की मी देसेर्तोरेस बेटांपर्यंत मासेमारीला जातो, जायलाच अडीच तास. जातो समोरच्या खाडीत, तिथल्या सेफेरिनोच्या (सेवेरिनो नव्हे) कोठारात, चिचा म्हणजे सफरचंदाची दारू प्यायला आणि पत्ते कुटायला. (मासे त्याच्या जाळ्यातले. ताजे असायचे, एवढं तरी लक्षात घ्या.) एदेलमिराने सगळ्यांना मिल्काओ वाढले. माझं ताट रिकामंच राहिलं. मला फार लाज वाटली, आणि भूकही लागली होती.

वहिनींना नमस्कार, पोरांना पापे.

तुमचा,
आबेलार्दो

ता. क. एक बारीकशी विनंती. बहिणीला एवढंच लिहा, की हेड देतानाच तडकलेलं होतं आणि रोसामेलला काही कळत नाही. तुम्ही इतके लांब आहात, तिचा राग तिथे पोचेपर्यंत निवेल.

ता. क. २. वाचून जाळून टाका. एदेलमिराच टपालात टाकणार आहे, म्हणून पाकीट घट्ट चिकटवतोय.

दादा, इथल्या दमट हवेत पाकीट कधी चिकटतं का? तुमचं इंजिन उत्तम आहे. चार दिवस मीच देसेर्तोरेसला जाऊन येतेय, साय उडाली आणि मासेही भरपूर मिळाले. सान पेद्रो आपल्याच लाँचमधून जातील, सुकाणू मी धरणार. पाद्रीबाबांशी बोलणं झालंय. यांना मिरवणूक सेफेरिनोच्या कोठारातून छान दिसेल. पोहोचवायचं काम मात्र मी करणार नाही. दहा मिनिटांसाठी इंजिन सुरू करणं चांगलं नाही.

– एदेलमिरा