हरीशच्या हळदीची पुडी

कोची, रविवार

माय, तुझ्या पायावर डोकं ठेवते.

मी बरी आहे. इथं भात रोजचाच, पण खोलीवर भाकरी जमून राहिली. तुझी कंबर कशी आहे? नवी वहिनी रुळली का?

एक गोष्ट फोनवर बोलवेना म्हणून लिहिते. तू धाडलेल्या पार्सलातल्या हळदीच्या पुडीवर काही लिहिलेलं नव्हतं. अण्णा म्हणले होते, यंदाच्या हळदीत रंग किती भरतो ते तुझ्या लॅबमधी पाह्य. मला वाटलं तीच. अर्धी हळद चाळून स्पिरिटात उकळली, रंग काढून घेतला, चोथा फेकला. रंग चांगला भरला, अण्णाला सांग. तेलाचा वास आला तवाच कळायला पाहिजे होतं. मी वहीत ‘तेलाचा अंश’ लिहून मोकळी झाले.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. “हरीशच्या ताटातली हळद पाठवली. भावाच्या लग्नाला न्हाई आलीस, अंगाला तरी लावलीस का?” मी व्हय म्हणले. खोटं बोलले, माय.

आमच्या लॅबमधी प्रत्येक नमुन्यातला अर्धा भाग सील करून ठेवायची रीत आहे. ते सील आज फोडलं. लावायला कुणी नव्हतं. माझ्या हातानंच दोन्ही गालांना लावून घेतली.

तुझी लेक,
शिवकन्या