दुभाष्याला सुट्टी

प्रिय बंड्या,

‘प्रिय’ लिहिताना आज हात आखडत होता, पण आई पडले ना! फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मला बोलूच कुठे देतोस?

आधी पुस्तकाचं बोलू. लेकीला तू आपली भाषा शिकवली नाहीस, म्हणून या वयात आम्ही तिची ग्रीक शिकायला बसलो. तू घाईघाईत जे जाडजूड व्याकरण पाठवलंस, ते निघालं हजारो वर्षांपूर्वीच्या ग्रीकचं! आम्हाला काय कळणार, कप्पाळ? पाय शिवणाच्या मशीनवर आणि तोंडात क्रियापदांची रूपं, अशी पाढ्यांसारखी हिवाळाभर घोकली मी. तुझ्या बाबांचं निराळंच. त्यांना घोकंपट्टीचा तिटकारा. त्यांच्या रंगीत चिठ्ठ्या: पुल्लिंगी निळ्या, स्त्रीलिंगी लाल, नपुंसकलिंगी पिवळ्या. दारावर, कपाटावर, इस्त्रीवरसुद्धा. इस्त्री तापली, चिठ्ठी जळली, तरी माणूस ढिम्म, दुसरी चिकटवली. माझ्या घोकण्याने त्यांचं डोकं उठायचं, त्यांच्या चिठ्ठ्यांनी माझं. एवढं करून मी छकुलीशी पहिलं वाक्य बोलले, तर तू खो खो हसत सुटलास. वर मित्रांना सांगितलंस, आमची आई पुराणातल्या राणीसारखी बोलते. अरे शहाण्या, पुस्तक कुणी पाठवलं होतं? पोर बिचारी गप्प झाली, ते नाही दिसलं तुला?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या नर्सबाई मूळच्या ग्रीसच्याच. त्यांनी पुस्तक पाहून कपाळावर हात मारला. त्यांची तऱ्हा तिसरीच: व्याकरण गेलं उडत, बोला! मी त्यांचे ढगळ गणवेश मापात आणायचे आणि त्या समोर बसून बडबडायच्या. मी चुकले की वाक्य पुन्हा म्हणायला लावायच्या. हळूहळू बाबाही चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन येऊन बसायला लागले. भाषा तोंडात रुळली रे. तुला सांगितलं नाही. म्हटलं, पुन्हा हसं नको.

म्हणून रविवारी मी नुसती ऐकत होते. मी तुला म्हटलं, तिला सांग, पडलेला दात दाखव, शाळेतलं सगळं सांग, आजीला वेळच वेळ आहे. आणि तू तिला सांगितलंस, आजी दमलीये, फोन ठेवू या म्हणते. त्यावर तिने काय विचारलं, तेही मला कळलं. आजी नेहमीच का दमते, तिला मी आवडत नाही का? नेहमीच! म्हणजे तुला कंटाळा आला की इतकी वर्षं तू माझ्या तोंडी हेच घालत आलास? अंगाचा तिळपापड झाला माझ्या. उत्तर जिभेवर आलं होतं, पण रडू फुटलं आणि तू फोन बंद केलास. आता येत्या रविवारी फोन तिच्या हातात द्यायचा आणि निमूट खोलीबाहेर जायचं. चुकतमाकत का होईना, आजीला तू खूप आवडतेस हे मीच तिला सांगणार. आजवर तिला खोटं कोण सांगत होतं, तेही ग्रीकमध्ये सांगता येतं मला. ते सांगायचं की नाही, हे तू दार लावून घेतोस की नाही यावर ठरवीन.

तुझीच, मुळीच न दमलेली,
आई