अण्णाचं प्रोफाइल

३ जून, मंगळ.
प्रेसमध्ये छपाईआधीचे रंगीत नमुने काढणाऱ्या प्रूफ-प्रिंटरचं अपडेट महिनाभर मागे लागलं होतं. आज मीच 'होय' दाबलं. झालं. अण्णाचं रंगांचं प्रोफाइल नव्या सॉफ्टवेअरला उघडेना. कुठल्या कागदावर कुठली शाई किती, हे सगळं त्या एका फाइलीत. आठ वर्षं दुरुस्त करत आणलेली. कंपनीचा माणूस फोनवर म्हणाला, जुनं चालणार नाही, नवीन बनवा.
अण्णाला सांगितलं. धाकट्या बहिणीवर चिडला नाही. तो एवढंच म्हणाला, "बिडु, सोड. परत करू."

६ जून, शुक्र.
रंगांचे चौकोन छापले, यंत्रानं मोजले, नवं प्रोफाइल तयार. प्रकाशक मूर्तींच्या चित्रांच्या पुस्तकाचं पहिलं पान काढलं. देवीचा चेहरा मला गुलाबी वाटला. अण्णानं पान दिव्याखाली बराच वेळ धरलं.
"चन्नागिदे, छान आलंय. पाठव."
"गुलाबी नाही वाटत?"
"तुला लहानपणापासून लाल जास्त दिसतं, सुधा."
पाठवलं. त्याच्या नजरेवर मी कधी शंका घेतली नाही.

९ जून, सोम.
प्रकाशक मूर्तींचा फोन. "अक्का, बण्ण सरी इल्ला." रंग बरोबर नाही. मग आवाज उतरवून, "अण्णांना सांगू नका. डोळे दाखवा त्यांचे. परवा भेटले तेव्हा माझ्या हिरव्या शर्टाला तपकिरी म्हणाले."
म्हणजे इतके दिवस प्रूफं बरोबर येत होती ती त्या जुन्या फाइलीमुळे. अण्णा फक्त मान हलवत होता.

११ जून, बुध.
चष्मा बदलायचा म्हणून नेलं. डॉक्टरीणबाईंनी ठिपक्यांची पानं पुढे केली, आतले आकडे वाचायला. पहिला वाचला. पुढचे दिसेनात. पान उलटत राहिला.
डोळ्याची नस वाळतेय, म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवायचं. थेंब, गोळ्या, तीन महिन्यांनी परत.
रिक्षात म्हणाला, "दिवाळीपासून माहीत होतं मला."
"बोलला का नाहीस?"
"फाइल होती ना. चालत होतं."
मी रडायला लागले तसा माझ्याच पाठीवर हात फिरवला. "तू दाबलंस म्हणून नाही गं झालं हे."
खरंय. पण मी दाबलं नसतं तर ते अजून काही दिवस झाकलेलं राहिलं असतं.

१७ जून, मंगळ.
चार दिवस प्रोफाइलवर. तो शेजारी बसून सांगतो, मी बघते. "चेहरा नंतर. आधी राखाडी बघ. राखाडीत कुठला रंग डोकावतो?" लाल. "कमी कर. आता?" अजून थोडा. मला एवढं दिसतं हे मला माहीत नव्हतं.
आज मूर्तींचा होकार आला. अण्णाला पान दिलं. त्यानं विचारलं, "देवीचा शालू कोणता हिरवा आलाय?"
विड्याच्या पानाचा, म्हटलं. कोवळ्या नाही, जून पानाचा. डोळे मिटून ऐकत होता. "हं," म्हणाला. पान परत देताना कडा नीट जुळवून दिलं.

२० जून, शुक्र.
काल अण्णा प्रेसमध्ये आला नाही. आज सकाळी मी सरस्वतीपुरमच्या घरून निघताना म्हणाला, "तू स्कूटरनं हो पुढे. मी बसनं नजरबादला प्रेसमध्ये येतो." जेवणाच्या वेळी फोन केला. "शर्ट बदलतोय," म्हणाला.
आता पाच वाजलेत, अजून आला नाही. दोन नवी कामं आलीत. दिव्याखाली त्याची खुर्ची आहे, मला प्रूफं उभ्यानं बघावी लागतात. बाजूला सरकवायला हात लावला होता.
नाही सरकवली.