पेवाशेजारचा गारवा

दादा, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी घरात काही मोडतोड काढली की लेकीनं आधी तुम्हाला विचारायला हवं असं अजून वाटतं. या वेळी विचारलं नाही. जेसीबी आणून अंगण खोदलं. तुळशीपासून गोठ्याच्या भिंतीपर्यंत, आत उभ्या माणसाचं डोकं दिसणार नाही इतका खोल चर घेतला, त्यात काळ्या नळ्यांची वेटोळी पुरली आणि माती परत लोटली. तुम्ही असता तर चार दिवस माझ्याशी बोलला नसता.

हे सगळं मायसाठी. गेल्या उन्हाळ्यात ती भर दुपारी बसल्या जागी भोवळ येऊन पडली. बीडच्या डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढचा उन्हाळा यांना त्या घरात काढू देऊ नका. मातीचं माळवद उतरवून तुम्ही हौसेनं स्लॅब टाकलात, पालीहून पाहुणे बघायला आले, मीही शाळेत मिरवले. पण मार्च लागला की तो स्लॅब तव्यासारखा तापतो हे तुम्हालाही कळलं होतं. कबूल मात्र केलं नाहीत, गुपचूप ओसरीवर झोपायला लागलात. कूलर लावावा तर त्याला पाणी हवं, आणि मे महिन्यात आपल्याकडे प्यायचंच टँकरनं येतं. एसीला व्होल्टेज पुरत नाही. मी म्हटलं, पुण्याला चल माझ्याकडे. "मी हितून हालत न्हाई. मेले तर ह्याच घरात मरंन." हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की मला रागच आला. शेवटी एका ओळखीच्या इंजिनिअरनं हा जमिनीचा उपाय सुचवला. खोल मातीला वरचं ऊन कळत नाही. नळ्यांतलं पाणी तिथं फिरून निवतं, मायच्या खोलीतल्या पंख्याच्या पेटीतून जातं, खोलीची उष्णता घेऊन पुन्हा जमिनीत उतरतं. पाणी तेच, फिरून फिरून. थंडीत उलट, तेच पाणी खोलीला ऊब देतं. खोली राहण्याजोगी झाली तर माय घरात राहणार, नाही झाली तर मला तिला रडवून न्यावं लागणार होतं.

पेवाचं मात्र माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. खोदताना एका जागी माती भसकन खाली बसली आणि ओसरीवरून बघणारी माय उठून आत गेली. ज्वारी साठवायचं ते जमिनीखालचं पेव तुम्हीच पुढे बुजवलं होतं. ते उघडायचा दिवस मला आठवतो. तोंडावरचा दगड सरकवून तुम्ही सगळ्यांना लांब उभं करता, दोरीला कंदील बांधून आत सोडता, विझतो का बघता. मी वाकून बघायला जाते, आणि तुम्ही दंडाला धरून मला मागे फेकता. "मरायचं हाय का बे?" पोरीला बे म्हणालात हे तुमच्या लक्षातही आलं नाही. मी दिवसभर रुसले होते. मायचा धाकटा भाऊ तिच्या माहेरी पेवात उतरला आणि आतल्या कोंडलेल्या हवेनं तिथंच गेला, हे मला फार उशिरा कळलं. माय तेव्हा परकरातली पोर, त्याच्यामागे उतरायला धावली होती, बायकांनी तिला धरून ठेवलं. ते धरून ठेवणं तिनं कुणालाच माफ केलेलं नाही.

पंख्याची पेटी सुरू झाली त्याच दिवशी मायनं पेटीच्या तोंडात जुनं लुगडं कोंबलं. "जिमिनीतलं वारं हाय ते. माणसाला खातं." मी समजावलं, माय, जमिनीतलं वारं आत येतच नाही, नळीत नुसतं पाणी आहे, वारा आपल्याच खोलीतला. इंजिनिअरनं नळी कापून दाखवली. तिनं त्याला चहा दिला आणि लुगडं काढलं नाही. बाहेर झळा लागत होत्या, ती ओसरीवर ओला पंचा डोक्यावर घेऊन बसलेली, ओठ सुकलेले. मी पुण्याची गाडी ठरवायला फोन हातात घेतला तेव्हा म्हणाली, "तुजे वडील आदी सोता उतरायचे, मग गडी. तू निज आदी तितं. मी दारात बसते. हाक मारली की ओ दे."

पेवात उतरलेल्यानं वरच्याला ओ देत राहायची, ती रीत. मी लुगडं काढलं, खाटेवर आडवी झाले. दादा, इतकं गार वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. दाराबाहेरच्या धगीत ती बसलेली. "हायेस का गं?" "हाय." पुन्हा थोड्या वेळानं, "हायेस का?" "हाय, माय." असं किती वेळ चाललं कोण जाणे. तिचा आवाज बारीक होत चालला होता. मग एका हाकेला माझी ओ गेली नाही. तिनं पुन्हा हाक मारली, मग माझं लहानपणीचं नाव घेऊन मारली. आणि भिंत धरल्याशिवाय न चालणारी ती बाई धडपडत आत आली, माझ्या काखेत हात घालून मला दाराकडे ओढायला लागली. "ऊठ गं, ऊठ, चल भाईर."

मी डोळे उघडले. झोप लागली होती म्हणाले. तिनं मला पाठीत एक धपाटा घातला आणि खाटेच्या कडेला बसून कितीतरी वेळ रडली. या वेळी तिला कुणी धरलं नव्हतं. मग घाम निवला, श्वास खाली बसला. "गार हाय गं," म्हणाली आणि तिथंच लवंडली. आता रोज दुपारी ती त्या खोलीत झोपते. पुण्याचं नाव निघत नाही. मला ओढताना लचकलेला तिचा हात अजून दुखतो, मी तेल लावून देते.

दादा, हे पत्र कुठं टाकायचं नाही म्हणून लिहिते. मला झोप लागली नव्हती. तिच्या सगळ्या हाका मी ऐकत होते.