आधी सलाम कोणी करायचा

ऐन सफ्साफ,
गुरुवार, २० ऑगस्ट १९९२

ति. लाल्ला झोहर हिस,
धाकट्या बूश्ताचा सलाम वि. वि.

पत्रास कारण की, आपल्या बतूलचं लग्न ठरलं. मुलगा तुझ्या पाहण्यातला आहे, शाळामास्तर लमफद्दल. तीन वर्षं हा मास्तर पाव भाजून घ्यायला कणकेची फळी स्वतः डोक्यावर घेऊन माझ्या भट्टीवर येत होता. घरात तो आणि त्याची आई, दोनच माणसं. रोज आठ पाव कशाला लागतात, हे मला कोडंच होतं. आमच्या हिला, रहमाला, म्हणे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं, पण या घरात मला काही सांगण्याची पद्धत नाही.

आनंदाची बातमी इथे संपली. मास्तरची बदली झाली आहे पार दक्षिणेला, वाळवंटाच्या तोंडाशी. बायको इथल्या दवाखान्यात नर्स आहे असा लग्नाचा कागद सात सप्टेंबरच्या आत शिक्षणखात्यात दिला, तर बदली रद्द होते. नाहीतर जावई तिकडे आणि पोर इकडे, निदान तीन वर्षं. आणि कागद होत नाही, कारण तो लिहिणारे आपल्या गावचे अदूल.

तुला माहीतच आहे, एका लग्नाला दोन अदूल लागतात. दोघांनी शेजारी बसून ऐकायचं, एकाने लिहायचं, सही दोघांनी करायची. एकट्याची सही म्हणजे एका पायाचा पायजमा. गावात अदूल दोनच, सी तुहामी आणि सी अय्याशी, आणि दोघं चार वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. चार वर्षांपूर्वी तू रमजानात इथे होतीस ना, तेव्हाच हे सुरू झालं. सी तुहामी दोघांच्या कागद लिहायच्या दुकानात शिरले, सलाम केला, आणि सी अय्याशींनी उत्तर दिलं नाही. सलामाला उत्तर देत नाही म्हणजे काय? बरं, रोजे चालू, तोंडात घास असण्याचा प्रश्न नाही. सी तुहामींनी शपथ घेतली की पुन्हा आपण आधी सलाम करणार नाही.

आता आत येणाऱ्याने बसलेल्याला सलाम करायचा ही तर रीत. म्हणून सी तुहामी आधीच येऊन बसू लागले. सी अय्याशीही हट्टाला पेटले आणि त्यांच्याही आधी येऊ लागले. शेवटी पहाटेची बांगसुद्धा दोघं दुकानातूनच ऐकू लागले. हल्ली सी अय्याशी स्टूल घेऊन बाहेर अंजिराखाली बसतात. दोघंही बसलेले, आत कोणीच येत नाही, म्हणून सलाम नाही. इतके दिवस शेजारचा मोची अल्लाल मध्ये बसून याचं त्याला आणि त्याचं याला सांगायचा, कामं व्हायची. गेल्या महिन्यात अल्लाल मुलाकडे फास शहरात कायमचा गेला. बाहेरगावचा अदूल आणावा तर काझीसाहेबांची परवानगी लागते, आणि ते पंधरा सप्टेंबरपर्यंत रजेवर.

तूच काहीतरी सुचव. कफ्तान तूच शिवायचा असा बतूलचा हट्ट आहे. माप सोबत आहे. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
बूश्ता


तेतवान,
रविवार, २३ ऑगस्ट

चि. बूश्ता यास अ. उ. आ.

तुझं पत्र बसच्या ड्रायव्हरने काल हाती दिलं. बतूलला माझ्याकडून दोन्ही गालांचे मुके. रोज आठ पाव पाहून ज्याला संशय आला नाही, त्याला गावाने भट्टी कशी चालवू दिली हेच नवल. कफ्तानाचं हिरवं कापड आजच कापायला घेतलं. रहमाने पाठवलेलं कमरेचं माप मी दोन बोटं वाढवलं आहे, कारण लग्नापर्यंत पोर तुझेच पाव खाणार.

अदूलांचं म्हणशील तर त्यात एवढं डोकं धरून बसण्यासारखं काही नाही. दोघांना दुकानाबाहेर काढ, दोन बाजूंनी आण आणि एकाच वेळी आत घाल. दोघंही येणारे, दोघांनी एकदमच सलाम करायचा, म्हणजे आधी-नंतरचा वादच मिटला. तीन म्हटल्यावर बोलायचं असं आधी ठरवून घे. चार वर्षं एका सलामावर रुसून बसायचं! आम्हा बायकांना असा वेळ मिळाला असता तर स्वयंपाक कोणी केला असता?

सी अय्याशी तो राखाडी पायघोळ जेल्लाबा अजून घालतात का? त्या ईदला गळ्याची बटणं मी लावली होती. आपलं काम कसं टिकलं ते शिवणारीला कळायला हवं, म्हणून विचारते. दुसरं काही नाही.

रहमाला सलाम. खोकला असेल तर भट्टीसमोर उघड्या छातीने उभा राहू नकोस. आठवण ठेवून आहेस तशीच ठेव.

तुझी,
झोहर


ऐन सफ्साफ,
गुरुवार, २७ ऑगस्ट

ति. लाल्ला झोहर हिस सलाम वि. वि.

तुझा उपाय केला. पुन्हा कधी उपाय सुचवू नकोस.

मंगळवारी दोघांना दोन गल्ल्यांतून आणलं. निम्मं गाव बघायला. दुकानाचं दार एका माणसापुरतं, आणि सी तुहामी हे एकटेच दीड माणूस. दोघं दारात खांद्याला खांदा लागून अडकले. तशातच मी एक, दोन, तीन म्हटलं. दोघांनी तोंडं उघडली आणि दुसरा बोलतोय का ते बघत तशीच उघडी ठेवली. एवढ्यात मागे कोणीतरी शिंकलं. दोघांनी एका आवाजात शिंकणाऱ्याला दुआ दिली आणि पुन्हा तोंडं मिटली. त्यांना दारातून सोडवायला मला भट्टीचं तेल आणावं लागलं.

काल मीच मोच्याच्या जागी मध्ये बसलो. सी तुहामी मला सांगणार, मी सी अय्याशींना सांगणार, ते लिहिणार. पण मी नुसता मध्यस्थ नाही ना, मुलीचा बापही मीच. मी बोललो ते बाप म्हणून की निरोप म्हणून, हे कोणालाच कळेना. दुपारी मसुदा वाचला तेव्हा त्यात लमफद्दलने माझ्याशी लग्न कबूल केलं होतं. मास्तर बिचारा म्हणाला की बदली रद्द होत असेल तर त्याची हरकत नाही. तो कागद फाडला. मधेच वाऱ्याने वहीतली खूण उडाली. सी अय्याशी खूण म्हणून एक चावलेला निळा दोरा वापरतात, वही सोडतील पण दोरा सोडणार नाहीत. तो शोधायला दोघं एकदम वाकले, टक्कल टक्कलावर आपटलं, तरी तोंडातून अवाक्षर नाही.

शेवटी सी तुहामी नरमले. मला म्हणाले की त्या दिवशी उत्तर का दिलं नाही, एवढं कारण कळू दे. कारण खरं असेल तर शपथ मोडल्याबद्दल तीन रोजे धरीन आणि स्वतः आधी सलाम करीन. मी धावत अंजिराखाली गेलो. सी अय्याशी म्हणाले की कारण आहे, पण ते त्यांचं एकट्याचं नाही, दुसऱ्याची ठेव आहे, आणि ठेव उघडता येत नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, लाल्ला. मला राग आला होता, पण तसाच परत आलो.

बतूल काल विकायच्या पावाच्या पिठात मीठ घालायला विसरली, सगळ्या गल्लीने अळणी पाव खाल्ला आणि कोणी तक्रार केली नाही. त्यानेच मला जास्त वाईट वाटलं. मास्तरने जाड तळाच्या चपला घेतल्या आहेत, वाळूत चालायच्या. दहा दिवस उरले. आता मला काही सुचत नाही.

आणि हो, तो राखाडी जेल्लाबा ते रोज घालतात. ऑगस्टातसुद्धा.

तुझा,
बूश्ता


तेतवान,
रविवार, ३० ऑगस्ट

चि. बूश्ता यास अ. उ. आ.

हे पत्र आधी एकट्याने वाच. रहमाला मग सांग, तिला बहुतेक माहीत असेल.

त्या रमजानाच्या शेवटच्या आठवड्यात सी अय्याशींचा जेल्लाबा ईदपर्यंत व्हायलाच हवा होता. गळा नीट बसेना, म्हणून मी दुकानात गेले आणि बटणं अंगावरच लावायला घेतली. आईचा नेम तुला आठवत असेल. अंगावर कापड शिवायचं तर अंगवाल्याने दातात दोरा धरायचा आणि शिवणारी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही, नाहीतर अक्कल कापडात शिवली जाते. मी निळ्या रेशमाचा तुकडा त्यांच्या दातांत दिला आणि सांगितलं की मी म्हणेपर्यंत एक शब्द नाही. ते हसले, तेही दोरा धरूनच.

तेवढ्यात बाहेर सी तुहामींची चाहूल लागली. मी विधवा, ते विधुर, दुकानात तिसरं कोणी नाही. मी घाबरले आणि वह्यांच्या कपाटामागे शिरले, कात्रीसकट. सी तुहामींनी सलाम केला. तोंडात दोरा, वर माझा हुकूम. आणि तोंड उघडून दोरा दाखवला असता तर तो कोणी दिला, हा प्रश्न आलाच असता. ते नुसते उभे राहिले. सी तुहामी रागाने निघून गेले आणि मी मागच्या खिडकीतून पळाले. ईदच्या दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसले. मला वाटलं, ईदच्या गळाभेटीत सगळं मिटलं असेल.

तुझं पहिलं पत्र वाचलं त्याच क्षणी मला कारण कळलं होतं. तरी मी तुला दाराची गंमत लिहून पाठवली, कारण मला लाज वाटली. पन्नाशीच्या बाईने कपाटामागे लपायचं आणि तिच्यापायी भाचीने अळणी पाव मळायचा! त्या माणसाने चार वर्षं सगळ्या गावाचं बोलणं खाल्लं आणि माझं नाव तोंडातून काढलं नाही.

हे पत्र सी तुहामींना वाचून दाखव. सगळं, कपाटासकट. लोक काय म्हणतील ते म्हणू देत, बतूलचा कागद झाला पाहिजे. कफ्तान याच बसने पाठवते आहे. रागावला असशील तर सात तारखेनंतर रागाव.

तुझी वेडी बहीण,
झोहर


ऐन सफ्साफ,
शुक्रवार, ४ सप्टेंबर

ति. लाल्ला झोहर हिस सलाम वि. वि.

रागावलो नाही. तू खिडकीतून कशी मावलीस एवढंच रहमाला विचारायचं आहे. बाकी तिला माहीत होतं.

पत्र सी तुहामींना वाचून दाखवलं. अदूलच ते, पुरावा मागितला. दोरा कुठल्या रंगाचा, हे सी अय्याशींना कारण न सांगता विचारून ये म्हणाले. मी उठणार तोच त्यांची नजर समोरच्या वहीवर गेली. तो चावलेला निळा दोरा पानातून लोंबत होता. चार वर्षं ते रोज त्याच दोऱ्याच्या पानावर सही करत होते. त्यांचा चेहरा रडवेला झाला.

ते उठले आणि सी अय्याशींना हाताला धरून आत आणून गादीवर बसवलं. स्वतः बाहेर गेले, जोडे घातले, जोडे काढले, आणि नव्याने आत येऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा सलाम केला. सी अय्याशींनी उत्तर दिलं. मग पुन्हा एकदा दिलं, आणि म्हणाले की हे दुसरं त्या दिवशीच्या सलामाचं. बघायला आलेले सगळे रडले. मीही रडलो, उगाच भट्टीच्या धुराचं नाव कशाला घेऊ.

त्यानंतर नवीन संकट. चार वर्षांचं साठलेलं बोलणं दोघांनी तिथेच काढलं. कोणाच्या दाढेचं काय झालं, कोणाचं गाढव मेलं. दुपार झाली तरी थांबेनात. मास्तरला मध्ये उभं राहून विचारावं लागलं की त्याचं लग्न आज आहे की पुढच्या वर्षी. मग कागद झाला. या खेपेला त्यात बतूलचंच नाव आहे, मी तीनदा वाचून घेतलं. तुझा हिरवा कफ्तान कमरेला बरोब्बर बसला, ती दोन बोटं कामी आली. आज पहाटेच्या बसने मास्तर काझीसाहेबांच्या कचेरीतला शिक्का (तो रजेच्या दिवसांत कारकूनही मारतो) घेऊन शिक्षणखात्यात गेला. चपला परत केल्या.

आता एक निरोप राहिला. सी अय्याशी काल संध्याकाळी भट्टीवर आले. त्यांच्याकडे कणकही नव्हती आणि फळीही नव्हती. मला म्हणाले की लाल्ला झोहर यांनी ‘मी म्हणेपर्यंत तोंड उघडायचं नाही’ असं सांगितलं होतं. उघडा, असं अजून सांगितलेलं नाही. त्यांना तुला काही विचारायचं आहे, ते चार वर्षांपासून राहिलं आहे. तेव्हा तुझा काय हुकूम आहे, ते कळव म्हणाले.

मला यातलं काही कळत नाही असं रहमा म्हणते. या वेळी थोडं कळतंय.

तुझा,
बूश्ता


तेतवान,
सोमवार, ७ सप्टेंबर

चि. बूश्ता यास अ. उ. आ.

बतूलला आणि जावयाला अनेक आशीर्वाद. आता जावयासाठी घरात लागतील तेवढेच पाव भाज, आठ नकोत.

सी अय्याशींना सांग की तोंड आत्ता उघडू नये. चार वर्षं धरलं, आणखी आठ-नऊ दिवस धरावं. दोरा माझा आहे, तो मी समोर बसून काढीन. पंधराला काझीसाहेब रजेवरून आले की त्यांची परवानगी तू घेऊन ठेव, म्हणजे सोळाच्या बसने इथला एक अदूल मी बरोबर घेऊन येते. चांगला माणूस आहे, सगळ्यांशी बोलतो. गावात तुमच्याकडे दोनच, आणि त्यातला एक त्या दिवशी गादीच्या दुसऱ्या बाजूला बसलेला असेल.

सगळ्यांना सलाम. कपाटामागची जागा झाडून ठेव.

तुझी,
झोहर